बिनपाहुण्यांचा रस्ता

"दौंड नको," असं म्हणत आत्यांनी नकाशातल्या दौंडवर एक चिंचोका ठेवला.

"तिथं कोण?"

"तुझी चुलतनणंद. मालक रेल्वेत हाय तिचा. दिवसभर ओट्यावर बसून येणारं-जाणारं मोजती."

"मग बारामतीवरनं?"

"बारामती?" आत्यांनी डब्यात पुन्हा हात घातला आणि मूठ बारामतीवर रिकामी केली. "दोन माझ्या मावसजावा, एक आप्पांची आतेबहीण आणि तो कापडदुकानवाला. त्याला तर कुणाच्या घरी काय भाजी झाली तेबी ठावं असतं. फलटणचं नाव काढू नको. दहिवडीत एकटीच हाय, पण ती चौघींना भारी."

मी नकाशाकडं बघत बसले. श्रीगोंदा ते विटा, म्हणजे माझं सासर ते माझं माहेर, एवढ्या रस्त्यात जिथं जिथं चार दुकानं, एक एस.टी. स्टँड आणि एखादं कॉलेज होतं तिथं तिथं चिंचोके बसले होते. गाव जेवढं मोठं तेवढे पाहुणे जास्त. मोकळी राहिली होती ती फक्त माळरानं, कालव्याचे रस्ते आणि जिथं एस.टी. दिवसातनं एकदा येते अशा वाड्या.

सासूबाईंना आमच्याकडं आत्या म्हणतात. माझ्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि नवरा, हणमंत, फौजेत होता. कॉलेजात असताना मी सायकलच्या शर्यती मारायची. जिल्ह्यात नाव होतं माझं. वडिलांनी रुखवतात संसाराच्या भांड्यांबरोबर माझी शर्यतीची सायकलही पाठवली होती. मांडवात लोकांनी ती कौतुकानं पाहिली, आणि दुसऱ्या दिवशी ती धान्याच्या खोलीत खुंटीला लागली. खाली ज्वारीची पोती आणि वर माझी सायकल. धान्य काढायला गेले की मी हात वर करून तिचं चाक फिरवायची. चाक फिरायचं आणि माझ्या पोटऱ्यांत काहीतरी वळवळायचं. जेवताना माझे पाय पाटावर हलत राहायचे. आप्पा, म्हणजे माझे सासरे, एकदा म्हणाले, "हिला काय मुंग्या चावतात का?"

तेव्हाच मी तोंड उघडलं. म्हटलं, "आप्पा, मला रथसप्तमीला माहेरी जायचंय. सायकलवर."

घास तोंडाजवळ थांबला त्यांचा. मग आठ दिवस घरात तो एकच विषय. सायकल नको असं त्यांचं म्हणणं नव्हतं. माणूस वाईट नव्हते ते. पण सोसायटीचे चेअरमन, दारात जीप उभी, आणि सून एकटी सायकल मारत माहेरी निघाली म्हटल्यावर लोक काय म्हणतील? भांडून पळाली म्हणतील. नाहीतर दरेकरांनी जीप विकली म्हणतील. दोन्ही त्यांना सारखंच लागलं असतं.

मी हटून बसले. शेवटी एका सकाळी ताटावरनं उठता उठता त्यांनी निकाल दिला. "जा. पण एक ध्यानात ठेव. एका जरी पाहुण्याचा फोन आला, की तुमची सून सायकलवर दिसली, तर असशील तिथनं जीपमध्ये घालून आणीन. आणि सायकल भंगारात. हा माझा शब्द."

आप्पांचा शब्द म्हणजे काय हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यात जास्त आत्यांना.

आत्यांचं माहेर तुटलं होतं. हणमंत पाळण्यात असताना त्यांच्या माहेरच्या एका लग्नात फेटे बांधताना आप्पांना तिसऱ्या नंबरावर बोलावलं गेलं. जावयाला, आणि तिसऱ्या नंबरावर! आप्पा तसेच उठले, बायकोला आणि पोराला गाडीत घातलं आणि मांडवातच सांगून आले, "आजपासून खलाटे आमचे कुणी लागत नाहीत. माझ्या घरातलं कुणी यांच्या घरचं पाणी पिणार नाही." त्यानंतर आत्यांचे आईवडील गेले तेव्हा त्यांना एकेकदा नुसतं स्मशानापर्यंत नेऊन तिथनंच परत आणलं गेलं. भाऊ होता, संपतबापू, त्याच्याशी एक शब्द नाही. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच महिन्यात जावेनं मला ही गोष्ट सांगितली होती आणि वर बजावलं होतं, की आत्यांसमोर त्यांच्या माहेरगावाचं, गोठणवाडीचं, नाव काढायचं नाही.

म्हणून नकाशावर वाकलेले असताना मी नुसतंच विचारलं, "आत्या, तुमच्याकडचं कुणी नाही ना या वाटेवर?"

"माझ्याकडचं कोण हाय आता," त्या म्हणाल्या आणि पुढचा चिंचोका शोधू लागल्या.

रस्ता ठरवायला आम्हाला चार दुपारी लागल्या. आत्या शाळेत गेल्या नव्हत्या, पण कुठली मुलगी कुठल्या गावात दिलीय हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं, आणि वाटांची माहिती पुरवायला आमची कासारीण होती. ती बांगड्या भरता भरता सांगायची, भीमेला दौंडच्या बरंच खाली होडी चालते, पूल लागत नाही. कालव्याच्या भरावावरनं सायकल जाते. नीरेला एक बुटका बंधारा आहे, पाणी नसलं की त्यावरनं पलीकडं. मग फलटण डाव्या हाताला सोडून घाटाच्या पायथ्याला जायचं. तिथं माझी मैत्रीण मीनाक्षी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. रात्र तिच्याकडं, सकाळी घाट, आणि मग विटा.

सगळं छान बसत होतं. पण कालव्यावर आल्यावर आत्यांचं बोट भलतीकडंच वळलं.

"इथं उतरायचं. लहान पूल हाय, त्याच्याखालनं."

"आत्या, हा तर वळसा झाला. कालव्यानं सरळ गेलं तर नदी येते."

"सरळ रस्ता खराब हाय. ऊसतोडीच्या गाड्यांनी पार चाळण केलीय."

"आणि इकडं?"

"इकडं एक वस्ती हाय. पांढरी विहीर, दोन चिंचा. तिथं पाणी पी."

"पाणी मी बरोबर घेणारच आहे."

आत्यांनी बोट उचललं नाही. "तिथं पी. चहा म्हणतील, जेव म्हणतील, ते तुझं तू बघ. पण आधी पाणी पी. मग त्यांनी विचारलं कुणाची, तर खरं सांग."

मला हसू आलं. कारण बाकी सगळीकडं काय सांगायचं हे त्यांनीच माझ्याकडनं घोकून घेतलं होतं. कुणी विचारलं कुणाची, तर विट्याच्या निकमांची. दरेकर हे नाव तोंडातनं काढायचं नाही. "मग तिथंच का खरं सांगायचं?"

"सांगते तेवढं कर गं," त्या एकदम चिडून म्हणाल्या. आत्या माझ्यावर कधी चिडत नसत. मला निघायचं होतं, आणि निघायला मिळत असेल तर मी विहिरीलाही प्रदक्षिणा घातली असती.

निघाले त्या सकाळी गारठा मरणाचा होता. अंगात पंजाबी ड्रेस, वर हणमंतचा फौजी स्वेटर, डोक्याला माकडटोपी. लांबनं बघितलं तर कुणी पोरगाच वाटावं. आत्यांनी दशम्यांचं गाठोडं मागं बांधलं आणि गाठ दोनदा ओढून बघितली. आप्पा ओट्यावर पेपर वाचत बसले होते. पेपर खाली आला नाही.

गाव मागं पडलं आणि मी पायडलवर उभी राहिले. दोन वर्षांत काय काय गंजलं होतं ते पहिल्या चढाला कळलं, पण पुढच्या उतारावर मी मोठ्यानं ओरडले. कुणी नव्हतंच ऐकायला. हरभऱ्याची रानं, बांधावरचे बगळे आणि मी. इतकं मोकळं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते वाऱ्यानं आलं असं मी स्वतःला सांगितलं.

होडीत मात्र जीव टांगणीला लागला. सायकल आडवी घालून मी टोकाला बसले होते. संक्रांत झालेली, हळदीकुंकवाचे दिवस. होडीत वाणाच्या पिशव्या घेतलेली एक बाई होती. ती माझ्याकडं बघत राहिली. माकडटोपीखालचे डूल तिला दिसले असावेत.

"कुणाची गं तू?"

"विट्याच्या निकमांची."

"विट्याच्या? कुठले निकम? तालमीजवळचे का गिरणीवाले?"

"गिरणीवाले," माझ्या तोंडातनं खरं निघून गेलं.

"अगं बाई! मग तुझ्या चुलतीची बहीण आमच्या भावकीत दिली की. श्रीगोंद्याला पण तुमची एक पोरगी दिलीय ना? दरेकरांकडं? शर्यती मारायची म्हणे सायकलच्या." एवढं म्हणून तिनं सायकलकडं बघितलं, मग माझ्याकडं.

नदी एवढी रुंद असते हे मला त्या दिवशी कळलं. होडीचं नाक वाळूला लागायच्या आत मी पाण्यात उडी टाकली, सायकल खांद्यावर घेतली आणि मागनं "अगं थांब की, वाण तरी घे" असं ऐकू येत असताना पळत सुटले. काठावर चढून टांग मारली ती कालवा लागेपर्यंत मागं बघितलं नाही. ती बाई कुठं राहते, तिच्या घरी फोन असेल का, एवढंच डोक्यात फिरत होतं.

कालव्याच्या भरावावर आले तेव्हा उन्हं चढली होती. समोर रस्ता सरळ होता आणि आत्या म्हणाल्या तसा चाळण वगैरे काही झालेला नव्हता. लहान पुलाजवळ मी एक पाय टेकून उभी राहिले. सरळ गेले असते तर तासाभरात नदी. पण त्या बाईच्या भीतीनं घशाला कोरड पडली होती, बाटली होडीतच राहिली होती, आणि आत्यांचा तो चिडलेला चेहरा आठवला. चरफडत उतरले.

पांढरी विहीर होती. दोन चिंचा होत्या. अंगणात एक बाई तूर पाखडत होती.

"पाणी मिळेल का?"

तिनं काही न विचारता तांब्या भरून आणला. मी माकडटोपी काढली आणि उभ्याउभ्या अख्खा तांब्या रिकामा केला. गोड पाणी होतं. तेवढ्यात गोठ्यातनं एक माणूस आला. साठीचा असेल, धोतराचा काचा मारलेला, हाताला पेंड लागलेली.

"बस की गं बाई, उन्हाची. कुणाची तू?"

पाणी तर पिऊन झालं होतं. मी आत्यांच्या हुकुमाप्रमाणं खरं सांगितलं, "श्रीगोंद्याच्या दरेकरांची सून. आप्पासाहेब दरेकर."

पाखडणारीच्या हातातलं सूप थांबलं. तो माणूस माझ्याकडं बघत राहिला, मग माझ्या हातातल्या तांब्याकडं.

"पाणी प्यायलीस?"

"हो."

"आमच्या घरचं?" त्याचा आवाज चमत्कारिक झाला. "तुला कुणी सांगितलं इथं प्यायला?"

"आत्यांनी. सासूबाईंनी."

"बनीनं!" तो मटकन ओट्यावर बसला आणि हसायला लागला. हसता हसता त्यानं तोंडावरनं हात फिरवला आणि पेंड मिशीला लागली. त्या बाईनं पदर तोंडाला लावला होता. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, पण फार उशिरा. ही वस्ती गोठणवाडीची होती. हे खलाटे होते. हा आत्यांचा भाऊ, संपतबापू. आणि आप्पांच्या घरातल्या माणसानं, म्हणजे मी, त्यांच्या घरचं पाणी पिऊन टाकलं होतं.

मी काही बोलायच्या आत बापू उठून आत गेले. दारातनं दिसत होतं, कोनाड्यात फोन होता. त्यांनी नंबर कुठं बघितला नाही, सरळ फिरवला. कधी न फिरवलेला नंबर त्यांना पाठ होता.

"बापू, फोन नका करू!" मी आत धावले. "आप्पांचा शब्द आहे. पाहुण्याचा फोन आला तर सायकल भंगारात जाईल माझी. बापू, पाया पडते!"

त्यांनी मला हातानं थांबवलं. तिकडं फोन उचलला गेला होता.

"मी संपत बोलतोय. गोठणवाडीचा." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तुमची सून हितं हाय. सायकलवर आली. पाणी प्यायलीय."

पलीकडनं खट्ट आवाज झाला.

"काय म्हणाले?"

"काय नाय. ठेवला."

मी बाहेर येऊन सायकल धरली. निघून जावं असं मनात होतं, पण जीपपुढं सायकल किती पळणार? घाटाच्या आत गाठलं असतं. मी चिंचेखाली बसले आणि आत्यांचा असा राग आला, असा राग आला की काय सांगू. चार दुपारी माझ्याबरोबर चिंचोके मांडत बसल्या, गोड बोलल्या, आणि मला त्यांनी गळाला लावलं होतं. त्यांचं माहेर त्यांना हवं होतं हे मला कळत होतं. पण माझी सायकल देऊन? मामींनी, म्हणजे बापूंच्या बायकोनं, जेवायला वाढलं. मी ताटाला हात लावला नाही. दर थोड्या वेळानं उठून रस्त्याकडं बघून येत होते.

दुपार कलताना धुरळा दिसला. जीप चिंचांच्या अलीकडं, बरोबर शिवेवर थांबली. आप्पा चालवत होते. शेजारी आत्या. अंगावर हिरवं ठेवणीतलं लुगडं, नाकात नथ, केसात अबोलीचा गजरा. त्या उतरल्या आणि भावापासून चार पावलांवर उभ्या राहिल्या. दोघंही एकमेकांच्या पांढऱ्या केसांकडं बघत होते.

"बने," बापू म्हणाले.

"पाणी दे की," आत्या म्हणाल्या, आणि तिथंच त्यांना रडू फुटलं.

आप्पा जीपजवळच उभे होते. मला म्हणाले, "ही सकाळधरनं नेसून बसलीय. कुठं निघालीस म्हटलं तर म्हणे कुठं नाय." मग आवाज चढवून, "सायकल आण. टाक मागं."

मी सायकल आणली. दुसरं काय करणार होते? हँडल हातातनं सुटत नव्हतं.

"थांब गं," आत्या म्हणाल्या. नाक पुसत त्या नवऱ्याकडं वळल्या. एवढ्या वर्षांत त्या कधी त्यांच्यापुढं अशा उभ्या राहिल्या असतील असं मला वाटत नाही. "सायकल का टाकायची?"

"शब्द होता. पाहुण्याचा फोन आला तर."

"आला का पाहुण्याचा फोन?"

"आला नाय तर मी हितं काय हवा खायला आलो?"

"कुणाचा आला?"

आप्पांनी बापूंकडं हात केला आणि हात तसाच राहिला.

"खलाटे आपले कुणी लागत नाय, असं तुम्हीच मांडवात सांगितलं होतं," आत्या म्हणाल्या. "कुणी लागत नाय तर हा फोन परक्याचा. मग सायकल तिची. आणि पाहुणा म्हणत असाल, तर घाला सायकल जीपमध्ये. पण पाहुण्याच्या दारात आल्यावर पाणी न पिता जायचं नाय."

आप्पांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग सायकलकडं. मग बराच वेळ ते आत्यांच्या लुगड्याकडं बघत होते. बापू तांब्या घेऊन शिवेपर्यंत आले. तांब्या काठोकाठ भरला होता, पाणी सांडत होतं.

"पहिल्यांदा तुम्ही," बापू म्हणाले. "बाकीचे मागनं."

आप्पांनी तांब्या घेतला. वर धरून, घटाघटा, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. मिशा पुसल्या आणि मला म्हणाले, "झालो पाहुणे. पण फोन आला तेव्हा नव्हतो." मग खाली वाकून मागचं चाक अंगठ्यानं दाबून बघितलं. "हवा कमी हाय. बापू, पंप हाय का?"

त्या संध्याकाळी मी बंधाऱ्यावरनं नीरा ओलांडली आणि अंधार पडता पडता मीनाक्षीकडं पोचले. दुसऱ्या दिवशी घाट चढले. विट्याच्या घरी अंगणात शिरताना मी घंटी वाजवली आणि वडील अर्ध्या दाढीला साबण तसाच ठेवून बाहेर आले. ते सगळं मला अजून दिसतं. पण त्याहून जास्त दिसतं ते वस्तीवरनं निघतानाचं. कालव्यावर चढून मी मागं वळून घंटी वाजवली होती. आत्या विहिरीच्या कठड्यावर नथ-गजऱ्यासकट पाय सोडून बसल्या होत्या, बापू खालच्या पायरीवर, आणि दोघं एकदम बोलत होते. माझ्याकडं त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही.

सायकल पुन्हा खुंटीला लागली नाही. पुढच्या वर्षी रथसप्तमी जवळ आली तशी मी आपणहून नकाशा काढला. आत्यांनी डबा आणला आणि आम्ही मांडत गेलो. दौंड, बारामती, फलटण. सगळं मांडून झालं, तेव्हा त्यांनी डब्यातला सगळ्यात मोठा, तांबडा, गुळगुळीत चिंचोका निवडला, लुगड्याला पुसला आणि गोठणवाडीवर ठेवला.

"औंदा तिकडनं जाऊ नको," त्या म्हणाल्या. "ठेवून घेतील."